शिफ्ट लाइट बिघडली? आधी लाइट सोडून बाकी सगळं तपासा

मागच्या जुलैमधला रविवार. भल्यामोठ्या रिकाम्या पार्किंगमध्ये नारिंगी शंकू मांडून ऑटोक्रॉस, म्हणजे शंकूंमधून एकेका गाडीने वेळेविरुद्ध धावायची शर्यत, चालू होता. माझ्या पुढे सात-आठ गाड्या आणि ऊन मी म्हणत होतं. रांगेत उभं असताना इंजिन तापू नये म्हणून हीटर लावून पंखा फुल करायची इथे जुनी पद्धत आहे. आपण घामाने निथळतो, पण पाण्याचा काटा खाली येतो. मी पंखा फुल केला आणि स्टिअरिंगच्या वर चिकटवलेली शिफ्ट लाइट, म्हणजे इंजिन ठरावीक फेऱ्यांवर पोचलं की 'गिअर बदल' सांगणारा छोटा दिवा, फडफडायला लागली. गाडी उभी, इंजिन आयडलला, आणि लाइट म्हणतेय गिअर बदल.

घरी येऊन मी नवीन लाइट मागवली. तीही तशीच फडफडली. दोन शनिवार घालवल्यावर सापडलं ते असं: लाइटच्या काळ्या वायरची रिंग डॅशखालच्या ज्या बोल्टला आवळली होती, त्याच्याखाली कारखान्यातला रंग तसाच होता. वर आधीच्या मालकाने त्याच बोल्टवर पंख्याची अर्थही (करंट बॉडीतून बॅटरीकडे परत नेणारी वायर) चढवून ठेवली होती. रंग खरवडायला चार मिनिटं लागली. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच. म्हणून खालचा क्रम मुद्दाम असा ठेवलाय की लाइटवर संशय सगळ्यात शेवटी येईल.

उदाहरणाला माझीच गाडी घेतो: १९९२ची माझदा एमएक्स-५, अमेरिकेत जिला सगळे मियाटा म्हणतात. सोळाशे सीसी, चार सिलिंडर, पाच गिअर. ही गाडी भारतात अधिकृतपणे कधी विकली गेली नाही, पण पुण्यात कुणी जुन्या झेनला किंवा होंडा सिटीला शिफ्ट लाइट लावली असेल तर तपासणी जवळजवळ हीच आहे.

ही लाइट नेमकी कोणती?

हा प्रश्न बावळट वाटतो, पण 'शिफ्ट लाइट खराब झाली' म्हणणाऱ्या कितीतरी जणांची लाइट धडधाकट असते.

एक प्रकार म्हणजे कंपनीनेच मीटरमध्ये दिलेला वर-खाली बाण. तो वेगासाठी नाही, पेट्रोल वाचवण्यासाठी असतो. युरोपात नोव्हेंबर २०१४ पासून मॅन्युअल गिअरच्या सगळ्या नव्या कारना तो सक्तीचा झाला. दोन हजार आरपीएमलाच (इंजिनचे मिनिटाला दोन हजार फेरे झाले की) तो 'वर टाक' म्हणतो आणि स्पोर्ट्स कार घेतलेला माणूस वैतागतो. त्यात बिघाड काही नाही, त्याला दुर्लक्ष हा एकच उपाय.

दुसरा प्रकार कॉर्व्हेट या अमेरिकन स्पोर्ट्स कारवाल्यांचा. १९८९मध्ये कॉर्व्हेटला सहा गिअरची गिअरपेटी आली, तेव्हापासून हळू चालवताना एक दिवा लागतो आणि पहिल्यातून दुसऱ्याऐवजी थेट चौथ्यात जायला लावतो. गिअरपेटीतला एक सोलेनॉइड (विजेने सरकणारा खिळा) दुसऱ्याची वाट अडवतो. इंजिन गरम असेल, वेग ताशी साधारण २५ ते ३० किलोमीटर असेल आणि पाय रेसवर अगदी हलका असेल, तेव्हाच हे होतं. सरकारी मायलेजच्या चाचणीत आकडे बरे यावेत म्हणून केलेली ही युक्ती. थोडी जास्त रेस द्या किंवा पहिला गिअर जरा लांबवा, दिवा लागणारच नाही.

तिसरा प्रकार आपला: बाहेरून आणून बसवलेली, ठरावीक आरपीएमला पेटणारी लाइट. इथून पुढे फक्त तिच्याबद्दल.

आधी काट्याकडे बघा

मल्टिमीटर (व्होल्ट, ओहम मोजायचं यंत्र) हातात घेण्याआधी गाडीच्या आरपीएम काट्याशी लाइटची तुलना करा. मियाटात काट्याला आणि लाइटला एकाच उगमातून सिग्नल जातो, त्यामुळे काटा हा फुकटचा साक्षीदार आहे.

लाइट फडफडते आणि त्याच क्षणी काटाही नाचतो, असं असेल तर दोष लाइटपर्यंत सिग्नल पोचण्याआधीच कुठेतरी आहे: इग्निशन कॉइल, प्लगच्या वायरी किंवा इंजिनची अर्थ. अशा वेळी गाडी थोडे गचकेही देते. काटा शांत आणि लाइट एकटीच नाचत असेल, तर दोष लाइटकडे जाणाऱ्या फाट्यात. या एका निरीक्षणाने अर्धं काम होतं. तरी लोक ते करत नाहीत, कारण फडफड सुरू झाली की सगळं लक्ष लाइटकडेच जातं. शेजारी कुणाला तरी बसवा आणि त्याला फक्त काटा बघायला सांगा. माझ्या बाबतीत काटा ढिम्म होता. मी तेव्हाच समजायला हवं होतं.

जोडीला कागदावर चार गोष्टी लिहा: लाइट लागतच नाही, की सतत लागलेली, की लवकर लागते, की फडफडते; आणि त्या वेळी आणखी काय चालू होतं. हेडलाइट, पंखा, वायपर, इंडिकेटर. शेवटचा कॉलम सगळ्यात महत्त्वाचा.

करंट येतोय का

बहुतेक लाइट चावी फिरवल्यावर एकदा लुकलुकून दाखवतात. तेवढं झालं तर लाइटचा दिवा आणि तिच्या आतलं सर्किट जिवंत आहे असं धरा. नाही झालं तर लाल वायरवर मल्टिमीटर लावा. इंजिन बंद असताना १२ व्होल्टच्या वर आणि चालू असताना १३.८ ते १४.४ दिसायला हवेत. काहीच नसेल तर फ्यूज बघा. फ्यूजच नसेल, आणि हौशी वायरिंगमध्ये तो बऱ्याचदा नसतो, तर एक-दोन अँपिअरचा आजच टाका. एवढ्याशा लाइटला त्याहून जास्त लागत नाही.

एक चूक वारंवार दिसते. डॅशखाली हाताला लागली ती वायर म्हणून लोक डॅशबोर्डवरच्या मीटरच्या प्रकाशाच्या वायरला जोड देतात. त्या वायरवर डिमर असतो. मग लाइट हेडलाइट लावल्यावरच जिवंत होते आणि डिमर फिरवला की मंदावते. 'फक्त रात्रीच चालते' अशी तक्रार आली की मी बाकी काही न विचारता हेच सांगतो. करंट चावीच्या 'ऑन'ला मिळणाऱ्या वायरवरून घ्या. 'ॲक्सेसरी'वरून घेतला तर स्टार्टर मारताना तो तुटतो आणि काही लाइट दर वेळी गोंधळून उठतात.

स्टिअरिंगच्या आसपास काम करण्याआधी बॅटरीची निगेटिव्ह काढून ठेवा. अमेरिकेतल्या मियाटांना ड्रायव्हरची एअरबॅग पहिल्यापासून आहे आणि तिच्या वायरींना मीटर लावायचा नसतो. बॅटरी शोधायला बोनेट उघडू नका, ती या गाडीत डिकीत आहे.

अर्थ: ओहम नको, व्होल्ट मोजा

मी पहिल्यांदा इथेच फसलो. काळी वायर आणि बॉडी यांच्यामध्ये ओहम मोजले, शून्याच्या जवळ आले, आणि अर्थ ठीक आहे असं ठरवून टाकलं. पण मल्टिमीटर ओहम मोजताना अगदी नगण्य करंट सोडतो. पाण्याचा नळ थेंब-थेंब सोडून बघितला तर अर्धा तुंबलेला पाइपही मोकळाच वाटणार.

खरी तपासणी भार टाकून करतात. मीटर डीसी व्होल्टवर ठेवा. एक टोक लाइटच्या काळ्या वायरीच्या रिंगवर, दुसरं थेट बॅटरीच्या निगेटिव्ह खांबावर. बॅटरी डिकीत असल्यामुळे तीन-चार मीटरची जादा वायर लागेल, ती आधीच तयार ठेवा. आता इंजिन चालू करा, हेडलाइट लावा, पंखा फुल करा. आकडा ०.१ व्होल्टच्या आत राहिला तर अर्थ उत्तम. अर्ध्या व्होल्टच्या पुढे गेला तर तिथेच थांबा, तुमचा चोर सापडला. मी पंखा फुल केला की आकडा दीड व्होल्टपर्यंत उडी मारायचा आणि पंखा बंद केला की खाली यायचा. पंख्याचा करंट त्या रंगलेल्या बोल्टमधून कसाबसा वाट काढत होता, आणि लाइटला वाटत होतं हे आरपीएमचेच ठोके.

दुरुस्ती सोपी, पण नीट करायची. वेगळा बोल्ट निवडा. खालचा रंग चमकता पत्रा दिसेपर्यंत सँडपेपरने घासा. रिंग टर्मिनल क्रिम्प करा, नुसती वायर पिळून बोल्टखाली दाबू नका. आवळून झाल्यावर वरून थोडं ग्रीस लावा, नाहीतर उघड्या पत्र्याला गंज धरतो. आणि त्या बोल्टवर दुसरं काही चढवू नका.

सिग्नल कुठून घेतलाय

बोनेट उघडा. गाडीच्या डाव्या बाजूला (सीटवर बसून पाहिल्यावरची डावी) काळ्या प्लास्टिकची एक छोटी पेटी दिसेल, झाकणावर इंग्रजीत 'डायग्नोसिस' लिहिलेली. झाकणाच्या आत प्रत्येक खाचेचं नाव छापलेलं आहे. 'आयजी' आणि पुढे वजाचं चिन्ह असलेली खाच म्हणजे आरपीएमचा सिग्नल. दुसऱ्या खाचेत वायर घुसवू नका. 'एफ/पी' चुकून अर्थला लागली तर पेट्रोलचा पंप सुरू होतो. तसा जीव जात नाही, पण गॅरेजमध्ये अचानक पंप घुंऊ करायला लागला की हातातला पाना पडतो.

मल्टिमीटरवर हर्ट्झ मोजायची सोय असेल तर काळं टोक अर्थला आणि लाल टोक या खाचेत लावा. हिशोब असा: चार सिलिंडरच्या फोर-स्ट्रोक इंजिनात क्रँकच्या (इंजिनच्या मुख्य दांड्याच्या) एका फेऱ्यात दोन ठिणग्या. आरपीएमला ६०ने भागा, २ने गुणा. आयडलला ८५० असेल तर २८ हर्ट्झ, ३००० ला १००, ६००० ला २००. मीटर हे आकडे दाखवत असेल तर उगम ठणठणीत आहे. मग हेच मोजमाप लाइटच्या सिग्नल वायरच्या टोकाला घ्या. इथे १०० आणि तिथे काहीच नाही, तर मधली वायर तुटलेली. बोनेटमधून आत जाते तिथल्या रबरी बुचाजवळ आधी बघा, पत्र्याच्या कडेवर घासून ती तिथेच कापली जाते.

साधा बल्ब असलेला टेस्ट लॅम्प या वायरला लावू नका. तो करंट ओढतो आणि नाजूक सिग्नल आडवा पाडतो. काही गाड्यांत ईसीयूला (इंजिन चालवणाऱ्या संगणकाला) इजाही होऊ शकते. कॉइलच्या निगेटिव्ह टोकाशी तर हातच नको. बॅटरी १२ व्होल्टची असली तरी ठिणगीच्या क्षणी तिथे तीनशे-चारशे व्होल्टचा झटका उठतो.

मूळ इग्नायटर (कॉइलचा करंट चालू-बंद करणारा भाग) आणि कॉइल काढून टाकून कुणी नवा ईसीयू आणि प्रत्येक प्लगवर वेगळी कॉइल बसवली असेल, तर ही खाच मुकी होऊ शकते. तेव्हा सिग्नल नव्या ईसीयूच्या आरपीएम आउटपुटमधून घ्यावा लागतो. बरेच ईसीयू त्या वायरला फक्त अर्थकडे ओढतात, वर ढकलत नाहीत. अशा वेळी सिग्नल वायर आणि चावीचे १२ व्होल्ट यांच्यामध्ये एक किलोओहमचा रेझिस्टर लावला की मेलेली वाटणारी लाइट उठून बसते. काही रुपयांचा भाग.

नव्या गाड्यांत लोक ओबीडीच्या (गाडीचे बिघाड तपासायच्या) सॉकेटमधून ब्लूटूथने मोबाइलवर शिफ्ट लाइट दाखवतात. माझं मत विचाराल तर ते खेळणं आहे. ते सॉकेट विचारल्यावर उत्तर देतं आणि त्या विचारण्या-सांगण्यात पहिल्या गिअरची वेळ टळून गेलेली असते.

आणि डिझेल गाडीला? तिथे ठिणगीच नाही. आरपीएमचा सिग्नल अल्टरनेटरच्या 'डब्ल्यू' टोकावरून घेतात, तोही असेल तर, आणि पुलीच्या मापाप्रमाणे लाइट नव्याने जुळवावी लागते.

सिलिंडरचा आकडा

लाइट लागतच नाही किंवा भलत्याच आरपीएमला लागते, आणि करंट, अर्थ, सिग्नल सगळं ठीक आहे, तर सिलिंडरची सेटिंग बघा. मागे छोटे स्विच असतील किंवा आत बटणाने निवड असेल.

लाइटला आरपीएम कळत नाही, ती फक्त ठोके मोजते. '८ सिलिंडर'वर ठेवली तर ती एका फेऱ्यात चार ठोके अपेक्षिते. आपलं इंजिन दोनच देतं, म्हणून तिला ६००० हे ३००० वाटतात आणि ती जन्मात लागणार नाही. '२ सिलिंडर'वर ठेवली तर उलटं: ६००० ला लावलेली लाइट ३००० लाच पेटते. आकडा बरोबर अर्धा किंवा दुप्पट चुकत असेल तर वायरींना हात लावायची गरज नाही, दोष सेटिंगमध्येच आहे.

यात एक मेख आहे. मियाटाच्या कॉइल जोडीने काम करतात; एक कॉइल दोन सिलिंडरना एकाच वेळी ठिणगी देते, त्यातली एक वाया जाते. म्हणजे प्रत्येक कॉइल दर फेऱ्याला एकदा. कुणी डायग्नोसिसच्या पेटीऐवजी एकाच कॉइलवरून फाटा काढला असेल, तर इंजिन चार सिलिंडरचं असूनही लाइट '२'वर ठेवावी लागते. प्रत्येक प्लगवर स्वतंत्र कॉइल असेल आणि ती दोन फेऱ्यांत एकदाच पेटत असेल, तर '१'वर. जुन्या झेनसारख्या डिस्ट्रिब्युटरच्या गाडीत कॉइल एकच, चारही ठिणग्या तिच्याच, म्हणून तिथे सरळ '४'.

वरच्या आरपीएमला फडफड

अर्थ पक्की करूनही पाच हजाराच्या पुढे लाइट थरथरत असेल, तर बाहेरचा कचरा सिग्नलमध्ये मिसळतोय. सिग्नल वायर प्लगच्या वायरींना समांतर गेली असेल तर आधी ती दूर न्या. ओलांडायचीच असेल तर काटकोनात ओलांडा. प्लगच्या वायरी किती जुन्या आहेत ते बघा. रात्री अंधारात बोनेट उघडून इंजिन चालू ठेवलं तर फुटक्या वायरीतून निळसर ठिणग्या उडताना डोळ्यांना दिसतात. प्लग रेझिस्टरवाले आहेत ना, तेही पाहा. तरीही भागलं नाही तर जाळीची शील्डेड वायर वापरा, पण जाळी एकाच टोकाला अर्थ करा. दोन्हीकडे केली तर नवीन भानगड सुरू होते.

इथपर्यंत सगळं तपासून झालं आणि तरी लाइट लागत नसेल, तरच नवीन लाइट मागवा.

किती आरपीएमला लावायची?

आधी काटा खरा बोलतोय का ते बघा. जुन्या काट्यांवर आंधळा विश्वास नको. गिअरच्या गुणोत्तरावरून तपासता येतं. या गाडीचा दुसरा गिअर १.८८८, मागचं डिफरन्शियल ४.३, आणि १८५/६० आर १४ टायरचा घेर सुमारे १.८ मीटर. म्हणजे दुसऱ्यात ६००० आरपीएमला वेग ताशी ८०च्या आसपास, आणि तिसऱ्यात, १.३३ गुणोत्तराने, ३००० ला साधारण ५७. मोबाइलचा जीपीएस शेजारच्याच्या हातात द्या, मोकळ्या सरळ रस्त्यावर तिसऱ्यात काटा ३००० वर धरा आणि त्याला वेग वाचायला सांगा. दोन-तीन किलोमीटरचा फरक टायरच्या झिजेचा. दहाचा फरक आला तर काटा खोटा आहे किंवा डिफरन्शियल बदललेलं आहे. १९९४ ते १९९७ च्या अठराशे सीसीच्या गाड्यांत ते ४.१ आहे.

सोळाशेच्या इंजिनाची लाल पट्टी ७००० ला सुरू होते, सगळ्यात जास्त ताकद ६५०० ला. नवखा माणूस लाइट बरोबर ७००० ला लावतो आणि मग प्रत्येक वेळी इंजिन कटऑफवर (त्याहून जास्त फेरे होऊ न देणाऱ्या मर्यादेवर) डोकं आपटतं. कारण लाइट दिसणं, मेंदूला कळणं आणि पायाने क्लच दाबणं यात पाव सेकंद सहज जातो. पहिल्या गिअरमध्ये काटा सेकंदाला जवळपास दोन हजारांनी चढतो, म्हणजे त्या पाव सेकंदात पाचशे आरपीएम निघून गेले. दुसऱ्यात तोच वेग सात-आठशेचा, म्हणजे दोनशेच. प्रत्येक गिअरला वेगळा आकडा देता येईल अशी लाइट नसेल तर मी ६६०० ठेवतो. पहिल्यात थोडं पुढे जातं, दुसऱ्यात जमून येतं, आणि ऑटोक्रॉसमध्ये दुसऱ्याच्या वर जायची वेळ क्वचितच येते. ७००० ला दुसऱ्यातून तिसऱ्यात टाकलं तर काटा ४९०० वर उतरतो, ६५०० ला टाकलं तर ४६०० च्या खाली. लवकर बदलण्यात काही कमाई नाही, तेव्हा ६६०० च्या फार खाली जाऊ नका.

राहिलं ऊन. मियाटाचं छत उघडं असतं आणि दुपारी बाराला छोटी लाइट लागली की नाही तेच कळत नाही. मी बाटलीच्या काळ्या झाकणाचा तळ कापून लाइटला टोपी केली आणि ती थोडी खाली, काट्याच्या अगदी वरच्या कडेला आणली. ठरलेला आरपीएम, सिलिंडरची सेटिंग आणि अर्थचा बोल्ट कुठला, हे मास्किंग टेपवर लिहून ग्लोव्ह बॉक्सच्या झाकणाला आतून चिकटवलंय. विनाकारण घेतलेली दुसरी लाइट अजून खोक्यातच आहे. कुणाला हवी असेल तर अर्ध्या किमतीत देईन.